सैल कुसवाची करवत

1938 चा वैशाख. शहापूरहून आलेल्या बैलगाडीतून तुम्ही किन्हवलीत उतरता आणि पहिल्यांदा नाकात शिरतो तो राबाचा धूर. मृगाआधी भाताचं रोप टाकायची जागा भाजून घ्यायची म्हणून शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्या रचून पेटवल्यात. धुरापलीकडे पूर्वेला सह्याद्रीची रांग, आजोबाचा डोंगर त्याच रांगेत. विजेची तार कुठेच नाही. कुणाकडे काय काम चाललंय ते इथे कानानेच कळतं. लाकूड तासायच्या वाकसाच्या ठोक्यांचा माग काढत तुम्ही सुताराच्या मांडवापाशी येता.

म्हातारा जमिनीवर बसलाय. लाकूड पायाच्या अंगठ्याने दाबून धरलंय आणि वाकस अंगठ्यापासून चार बोटांवर पडतोय. समोर त्याचा भाचा उभा आहे, तो मुंबईहून आलेला. माटुंग्याला जी.आय.पी. रेल्वेचा डबे बांधायचा आणि दुरुस्त करायचा कारखाना 1915 पासून आहे, तिथे तो सुतारकाम करतो. तुम्ही कोण, कुठले, हे विचारायच्या आधी म्हातारा बोलतो, "या पाव्हणं. हात मोकळं हायेत न्हवं? मग ह्ये टोक धरा."

तुमच्या हातात लाकडाची दांडी येते. हिची करवत होणार आहे. करवत लोखंडाची, असं तुम्ही आजवर समजत आला असाल. इथे लोखंड म्हणजे हाताच्या अंगठ्याएवढ्या रुंदीची पातळ पट्टी, बाकी सगळं लाकूड आणि दोर. दोन उभ्या दांड्या, त्यांच्या मध्ये एक आडवी. खालच्या टोकांना पातं, वरच्या टोकांना दोराचे वेढे. दोरात एक चपटी काठी घालून पीळ द्यायचा, की वरची टोकं एकमेकांकडे ओढली जातात, खालची फाकतात आणि पातं ताठ होतं. एवढंच यंत्र. तरी या एवढ्यावरून मामा-भाच्यात सकाळपासून वाजलंय.

लाकडावरून मात्र दोघांचं एकमत आहे. उभ्या दांड्यांना धामण, कारण धामण वाकते आणि सोडली की परत सरळ होते. कावडीच्या दांड्या तिच्याच करतात त्या यासाठीच. आडव्या दांडीला साग, कारण साग हलका आणि पावसात फारसा फुगत नाही, उन्हात फारसा आकसत नाही. साग गावाभोवती उभा आहे, पण त्याला हात लावायची सोय नाही. 1878 च्या कायद्याने सरकारने जंगलं राखीव करायला सुरुवात केली. राबासाठी फांद्या तोडण्यावरूनही इतका असंतोष झाला की 1885 मध्ये मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. आता 1927 चा कायदा आहे. तोडीचा कूप पडतो, ठेकेदार माल उचलतो, आणि त्याच रानाच्या कडेला राहणाऱ्या सुताराला करवतीच्या दांडीसाठी मोडक्या घराची तुळई शोधावी लागते. मला हे वाचतानाही टोचतं, आणि मामाला तर त्यातच जगायचं आहे. तुम्ही धरलेला तुकडा तशाच एका तुळईचा आहे.

तो उलटा करा. खालच्या अंगावर रंधा लागलेला नाही. तिरप्या, एकमेकींना जवळजवळ समांतर अशा खरबरीत रेघा दिसतील. प्रत्येक रेघ म्हणजे मोठ्या करवतीचा एक ओढा. त्यांच्यावरून बोट फिरवा.

बोटाखाली भुसा ओला लागतो. 1861 साल आहे. वाशिंदपर्यंतची आगगाडी 1855 मध्येच आली, यंदा जानेवारीत ती कसाऱ्याला पोचली, आणि आता थळ घाटातून वर इगतपुरीला जायचं काम चाललंय. पूल, बोगद्यांतले टेकू, मजुरांच्या झोपड्या, भट्ट्यांचं सरपण, सगळ्याला लाकूड हवंय आणि ते याच रानांतून उतरतंय. तुमच्यासमोर सागाचा ओंडका घोडीवर तिरका चढवलाय. एक माणूस वर ओंडक्यावर, एक खाली. खालचा माणूस तुम्ही आहात. गेरूत भिजवलेल्या सुताने ओंडक्यावर रेघ मारली आहे, पण ती वरच्याला दिसते, तुम्हाला नाही. वरचा करवत उचलतो आणि दिशा राखतो, तुम्ही खाली खेचता. कापते ती खाली येताना, म्हणून बळ तुमचं. भुसा डोळ्यांत, मिशांत, घामाने भिजलेल्या मानेवर. तुम्ही चुकून ढकलायला जाता तेव्हा पातं चिरेत अडकतं आणि वरून एकच शब्द येतो, "वढ!"

खांदा भरून येतो तेव्हाच सोडा आणि 1938 मध्ये परत या. तो शब्द लागणार आहे.

भाच्याने मुंबईहून पातं आणलंय. लाकडाच्या गिरणीत पट्ट्याची करवत चाकांवरून फिरत असते, ती तुटली की तुकडे विकतात. त्यातला हा हाताएवढा तुकडा. जुने दात कानसून काढले, आणि आता तिधारी कानशीने नवे पाडायचे आहेत. दात पाडून झाले की एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, असे जरासे वाकवायचे, म्हणजे चीर पात्याहून रुंद पडते, भुशाला वाट मिळते आणि पातं अडकत नाही. हे माणसाला फार आधी कळलं होतं. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही दात असे आलटून-पालटून वाकवण्याबद्दल आणि त्यामुळे भुसा बाहेर पडण्याबद्दल लिहून ठेवलंय.

दात कुठल्या दिशेला कलवायचे? इथे पहिली ठिणगी पडते. मामाची आजवरची हातकरवत ओढताना कापते, दात मुठीकडे झुकलेले. भाच्याच्या कारखान्यातली शेफील्डची करवत ढकलताना कापते.

"सायबाची करवत ढकलूनच चालते मामा, आन् सगळी रेल्वे तिच्यावर उभी हाय."

"साएब उभा ऱ्हातो, टेबलावर काम करतो. खांदा लावून ढकलंल. मी बसलोय. माझं बळ माझ्याकडं येतं."

मामाचं हे उत्तर मला वाटतं करवतीवरच्या कित्येक पानांहून मोलाचं आहे. पातळ पोलाद ढकललं की वाकतं. यावर जगाने तीन तोडगे काढले. इंग्लंडने पोलाद जाड आणि रुंद केलं. जपानने आणि आपल्याकडच्या सुताराने करवत ओढायला घेतली, कारण ओढलेली पट्टी आपोआप सरळ राहते. चीनने आणि युरोपाने पातळ पट्टी चौकटीत ताणून बसवली. बसून काम करणाऱ्याला ओढणं सोयीचं, उभ्याला ढकलणं. यातला कुठलाच तोडगा अडाणी नाही. आणि चौकटीत ताणलेलं पातं दोन्ही दिशांना चालतं, फक्त उलटं बसवायचं. मामा दात आपल्याकडे घेतो. भाचा मान हलवतो. इथे सांधा जुळतो, कारण पातं उद्या फिरवता येणार आहे.

लाकडाच्या सांध्याचं तसं नाही.

भाच्याने आडव्या दांडीच्या टोकाला लांब कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढलाय, उभ्या दांडीतून आरपार जाईल असा. निखाऱ्यावर सरसाचं भांडं आहे, बांबूची खुंटी तासून तयार आहे. डब्याचा सांगाडा असाच जोडतात, तो सांगतो. रुळांवर डबा दिवसभर हिसके खातो तरी सांधा उकलत नाही. चौकटीचा काटकोन सुटला तर पातं तिरकं चालणार, मग करवत कशाला म्हणायची?

मामा हातातला वाकस खाली ठेवतो. "कुसू काप. पाऊण इंच ठेव. सरस नको, खुंटी नको."

"मग ती हालंल!"

"हाललीच पायजे."

तुम्ही कुणाच्या बाजूने आहात? खरं सांगा, भाच्याच्या. कुसू लांब, घट्ट, चिकटवलेला, खुंटी मारलेला, म्हणजे चांगला सांधा. शाळेच्या सुतारकामातही हेच शिकवतात. मामा हट्ट करत नाही. तो म्हणतो, एक बाजू तू तुझ्या रीतीने कर, एक मी माझ्या रीतीने करतो, सकाळी पीळ देऊ. भाचा सरस लावून खुंटी ठोकतो, मामा आपलं टोक नुसतं खाचेत टेकवतो. रात्र मांडवात काढा. सरस वाळायला तेवढा वेळ लागतोच.

सकाळी काठी तुमच्या हातात देतात. एक पीळ, दोन, तीन. पातं लोंबायचं थांबतं. आणखी दोन पीळ. मामाच्या बाजूची दांडी आडव्या दांडीच्या टोकावर किंचित कलते, वरून आत, खालून बाहेर. भाच्याच्या बाजूची कलत नाही. ती वाकते. आडव्या दांडीच्या वर धनुष्यासारखी बाक धरते. पात्यावर नख मारा, आवाज अजून बोदा आहे. पुढचा पीळ द्या.

कट्.

सरसाची रेघ उघडली आणि खाचेच्या खालच्या कोपऱ्यातून धामणीच्या रेषेबरोबर चीर गेली, बोटभर. मामा बोलत नाही. भाचा गुडघ्यावर बसून चीर बघतो. तुम्हीही बघा, सगळं त्यात आहे. उभी दांडी ही खरी तरफ आहे आणि आडव्या दांडीचं टोक हा तिचा टेकू. तरफेला टेकूवर फिरायला मिळालं पाहिजे. तिचं फिरणं सरसाने बंद केलं की दोराचं सगळं बळ एकाच ठिकाणी साचतं, आणि ते ठिकाण नेमकं असं, जिथलं निम्मं लाकूड खाच पाडताना पटाशीने आधीच काढून टाकलेलं असतं. या चौकटीला धरून ठेवतो तो दोराचा ताण. सांध्याने फक्त दांडीचं टोक घसरू द्यायचं नाही.

टेकू कुठे ठेवायचा याचाही हिशेब आहे. आडव्या दांडीपासून दोर बारा इंचांवर आणि पातं आठ इंचांवर असेल, तर दोरातल्या ताणाच्या दीडपट ताण पात्यावर येतो. आडवी दांडी आणखी खाली आणली तर पातं आणखी ताठ, पण मग फळी चिरताना आठ इंचांऐवजी सहा इंचांवरच दांडी लाकडाला आडवी येते. म्हणून मामा पातं धरणाऱ्या खुंट्या गोल करतो, भोकात फिरणाऱ्या. पातं चौकटीशी आडवं वळवलं की लांब फळी चिरताना चौकट बाजूने सरकत जाते आणि खोलीची अडचण उरत नाही.

भाचा हरला असं मात्र समजू नका. नवी दांडी तासून मामाच्या रीतीने जोडतात तेव्हा तो करवत उचलून पात्याच्या रेषेत डोळा लावतो. "मामा, ही आडव्या अंगाला पिळते बघा. तुमची जुनी डावीकडं पळायची ती यानंच." तो बरोबर आहे. मामाचा कुसू सगळीकडून सैल आहे, त्यामुळे चौकट जशी कलायला हवी तशी कलते, पण जशी मुरडायला नको तशी मुरडतेही. दोन्ही दांड्या एका पातळीत राहिल्या नाहीत तर पात्यालाच पीळ बसतो आणि चीर भरकटते. भाच्याचं म्हणणं असं: कुसवाची जाडी खाचेत घट्ट बसू दे, हाताने ठोकून बसेल इतकी. लांबीच्या अंगाला मोकळी जागा ठेव. आणि कुसवाचे खांदे सपाट नकोत, जरा गोल कर, म्हणजे दांडी त्यांच्यावर डोलेल.

मामा कबूल बिबूल काही करत नाही. पटाशी उचलतो आणि नवा कुसू काढतो, जाडीला घट्ट, लांबीला सैल, गोल खांद्यांचा. मला या सगळ्या कामातला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. एकाने कारखान्यात काटेकोरपणा शिकला, दुसऱ्याने आयुष्यभर लाकडाची चाल पाहिली, आणि एका पाऊण इंचाच्या तुकड्यात दोन्ही मावलं.

भाच्याचा सांधा चुकीचा नव्हताच, तो दुसऱ्या करवतीचा होता. पातं चौकटीच्या मधोमध बसवून पाचरींनी ताणायचं असेल, तर चौकट अढळच हवी. पॅरिसच्या आंद्रे रूबो या सुताराने 1769 पासून छापायला घेतलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात दोन्ही तऱ्हा चित्रांसह दिल्या आहेत, मधल्या पात्याची चौकट आणि दोराच्या पिळाची करवत. तो हाताने काम करणारा सुतार होता आणि त्याने लिहिलंही. आमच्याकडे हातांनी काम केलं आणि लिहिणारे वेगळे राहिले, त्याचं नुकसान आम्ही अजून भोगतोय.

मांडवाच्या कोपऱ्यात नव्या घराची दारचौकट पडली आहे. तिच्यापाशी मामाचा नियम पार उलटा. तिथला कुसू आरपार, खांदे काटकोनात, आणि खुंटीचं भोक मुद्दाम जुळत नाही असं. कुसवातलं भोक खांद्याकडे तांदळाच्या दाण्याएवढं सरकवलेलं. खुंटी ठोकताना ती कुसवाला आत खेचते आणि सांधा सरस न लावता कायमचा आवळला जातो. "दार हालू नये म्हणून जोड. करवत हालावी म्हणून जोड," मामा भाच्याला सांगतो, आणि खुंटी तुमच्या हातात देतो. ठोका. दोन ठोक्यांत ती वाकडी होऊन आत जाते आणि खांद्यापाशी रेघसुद्धा दिसेनाशी होते.

आता दोर. काथ्याचा नको, तो ताणला की लांबत जातो. ताग घ्यायचा. पण तागाला पावसाची हवा लागली की तो फुगतो आणि आखडतो, म्हणजे पीळ न देताही ताण वाढतो. आषाढात पीळ तसाच ठेवून झोपलं तर सकाळी धामणीची दांडी तडकलेली सापडेल. काम संपलं की दोन पीळ सोडायचे, हे मामा दोनदा सांगतो.

पहिली चीर दाराच्या फळीची. ओंडका कमी जाडीचा आहे, दोघांच्या मोठ्या करवतीची गरज नाही. पातं आडवं वळवलं, मामा बसला, भाच्याने टोक धरलं. पात्यावर नख मारलं की आता स्वच्छ नाद येतो. चीर गेरूच्या रेघेवर चालते, भुसा मामाच्या मांडीवर पडत जातो.

संध्याकाळी मजुरीचा हिशेब निघतो. ओंडके चिरून देणाऱ्या दोघांचं देणं बाकी आहे. बुडाशी जाडी किती, शेंड्याशी किती, लांबी किती, चिरा किती. तुम्ही मनातल्या मनात आणखी एकदा मागे जा, या वेळी 1150 मध्ये. भास्कराचार्यांच्या लीलावतीत करवतीच्या कामाचं वेगळं प्रकरण आहे, क्रकचव्यवहार. त्यातला ओंडका बुडाशी 20 अंगुळे, शेंड्याशी 16, लांब 100 अंगुळे, आणि चार ठिकाणी चिरायचा. सरासरी जाडी 18, गुणिले 100, गुणिले 4, म्हणजे 7200 चौरस अंगुळे. हात 24 अंगुळांचा, म्हणून 576 ने भागा. साडेबारा चौरस हात. मोजायचं ते करवतीने कापलेलं क्षेत्र, कारण श्रम तिथेच खर्च होतात. लाकूड मऊ की टणक, यावर मजुरी कमीजास्त होते, हेही आचार्य विसरत नाहीत. मामाने लीलावती पाहिलेली नाही. तो दोन टोकांची जाडी सुताने मापतो, सूत दुमडून मधलं माप काढतो, चिरांची संख्या बोटांवर मोजतो. साग एक दर, ऐन वेगळा दर. भास्कराचार्यांच्या ओंडक्यालाही त्याच्या सुताने तेच उत्तर आलं असतं.

भाचा माटुंग्याला परत जाईल. तुम्ही आणखी चार वर्षं पुढे या, 1942 च्या उत्तरार्धात, मुरबाड-कर्जतच्या रानात. रात्र आहे. इंग्रज सरकारविरुद्ध लढणाऱ्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यातली माणसं मुंबईकडे वीज नेणाऱ्या मनोऱ्यांचे पाय कापताहेत. लोखंड कापायची ती लहान करवत जवळून पाहा. पातळ पातं, चौकट, आणि टोकाला पीळ देऊन ताणायची सोय. दोराच्या जागी आटा आणि चाकी, एवढाच फरक. ताण कमी पडला तर पातं वळतं आणि तुटतं, हा नियमही तोच. 2 जानेवारी 1943 ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सिद्धगडावर दरवर्षी त्या दिवशी माणसं जमतात.

आजच्या किन्हवलीत या. लाकूड आता विजेच्या करवतीवर चिरतात, आणि ज्याने खांद्याने ओढलं आहे त्याने त्याबद्दल हळहळावं असं मला वाटत नाही. माणसाचा खांदा त्या ओढण्यातून सुटला ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्या दोघांचा वाद कुठे लिहून ठेवला गेला नाही आणि नवा सुतार बाजारातली तयार करवत विकत घेतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ती करवत आजही घरी करता येते. गिरणीत तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा मिळतो. मोडक्या पलंगाचा साग आडव्या दांडीला चालतो. धामण मिळाली नाही तर सरळ रेषेचं, गाठ नसलेलं कुठलंही चिवट लाकूड उभ्या दांड्यांना घ्या, पण रेषा दांडीच्या लांबीबरोबर धावते ना ते आधी बघा. कुसू पाऊण इंच, जाडीला घट्ट, लांबीला मोकळा. खांदे गोल. सरसाची बाटली घरातच राहू द्या. पीळ देताना पात्यावर नख मारत राहा, बोदेपणा गेला की थांबा, आणि काम झालं की दोन पीळ सोडा.